माती चढवली, उतरवली नाही
मोर्शीत धाब्यावर माती टाकावी ती खुशालरावांनीच, असं लोक म्हणत. आता घरोघरी स्लॅब पडल्यावर असं म्हणणारे उरले किती, हा भाग वेगळा. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सरा, म्हणजे सागवानी तुळई, त्यावर आडव्या लाकडी पट्ट्या, वर पालापाचोळा आणि त्यावर खारी माती. ती दर वैशाखात ताजी करायची. बापानं खुशालरावांना एकच कायदा शिकवला होता, 'एक टोपली चढवली तं एक टोपली उतरवावं.'

गावातल्या वारसा मंडळानं तीन वर्षांपूर्वी तीन खणांचं एक रिकामं धाब्याचं घर जतनाला घेतलं. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष वामनराव गुरुजी स्वतः खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत आले आणि बांधावर मांडी घालून बसले. एवढा मान खुशालरावांना जन्मात कोणी दिला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी वरची जुनी माती खरवडायला फावडं लावलं, तर गुरुजी शिडीवरून ओरडले, "अहो, हात नका लावू! मूळ माती आहे ते. तेच तर जतन करायचं आहे!"

गुरुजी थट्टा करताहेत असं वाटून खुशालराव हसले. पण ती थट्टा नव्हती. जुनी माती राखायची नसते, तीच उतरवायची असते, हे शिकलेल्या माणसाला सांगायचं कसं? त्यांनी नवी माती जुनीवरच घातली. पुढच्या दोन वैशाखांत पुन्हा, यंदा पुन्हा. मधल्या काळात मंडळानं शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारही केला, मग तर तोंड आणखीच शिवलं गेलं.

गेल्या उन्हाळ्यात मधल्या खणाच्या सऱ्याला त्यांना चीर दिसली. करंगळीचं नख जाईल एवढीच. पण त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कारण त्याच खणात दर रविवारी त्यांची लेक आचल बसायची, येणाऱ्यांना घर दाखवायला. शनिवारी संध्याकाळी ते एकटेच जाऊन, स्टुलावर चढून चिरेत नख घालून पाहायचे. अजून नखच जातं, म्हणजे काही नाही, असं स्वतःला समजावत घरी यायचे. यंदा बोट जायला लागलं. तरी बोलवेना. बोललं, की लोक पहिलं हेच विचारणार, की बुवा, एवढी माती टाकली कोणं?

श्रावणात चार दिवस झड लागली. रविवारी सकाळी उघाड पडली आणि अमरावतीहून वीसेक पाहुणे घर पाहायला आले. ओली माती किती जड होते, हे खुशालरावांना कोणी सांगायला नको होतं. ते धावत पोचले तेव्हा गुरुजींसकट सगळे मधल्या खणात दाटीनं उभे होते. आचल वर बोट दाखवून सांगत होती, "हे धाबं माया बाबानं..."

कट्.

बारीकसा आवाज. तो फक्त खुशालरावांनाच कळला. वरून चिमूटभर माती आचलच्या केसांत पडली. आणि तेव्हाही, देवाशपथ, त्यांच्या तोंडून खरं निघालं नाही.

"साप! धाब्यातून साप पडला! निंगा बाहीर!"

छपराबद्दल बोलले असते तर चार प्रश्न आले असते. सापाला कोण प्रश्न विचारतो? पाहुणे चपला सोडून पळाले. अंगणात आल्यावर गुरुजींनी काठी मागवली. "मारायचा नाही हं त्याले," असं बजावत ते दाराकडे निघाले. "माई वही राह्यली आत," म्हणत आचलही मागे वळली.

खुशालरावांनी तिचं मनगट असं धरलं की दोन बांगड्या फुटल्या.

"साप नाई. गुरुजी, थांबा! सरा मोडून राह्यला."

गुरुजींचा एक पाय उंबऱ्यावर होता. त्यांनी वर पाहिलं आणि पाय मागे घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. एक पाहुणा तर हसला. मग मधला खण धाडकन खाली बसला आणि धुळीत कोणाला कोणी दिसेना.

धूळ निवळली तेव्हा गुरुजी त्यांच्याकडे वळले. "खुशालराव, तुम्हाले हे कवापासून माहीत होतं?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

गुरुजी मटकन खाली बसले. "चूक माई आहे," ते म्हणाले. "मीच माती काढू देली नाही."

खुशालरावांना वाटलं, सुटलो. तेवढ्यात आचलनं त्यांच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "मंग वर्षभर दर आयतवारी मले तिथं कायले बसू देलं?"