काठीवरच्या लाल खुणा

नांदेडच्या कार्यालयात धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता माझ्याकडे येतो. पाणी सोडायच्या दाराच्या खाली, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की आकड्यापुढे उणे चिन्ह लागतं. छपाईला जाण्याआधी मी आकडे एकदा तपासते आणि चिन्हं दोनदा.

सातवीत असताना आम्ही लातूरला राहायचो. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं, ते अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात भरायचं आणि मोटारीने छतावरच्या ड्रमात चढवायचं. वडील एसटीत कंडक्टर होते, दोन-दोन दिवस ड्यूटीवर असत. त्यांनी हौद मोजायला वेळूची काठी केली होती. मोटारीच्या पाइपाचं तोंड हौदात जिथे येतं, तिथे त्यांनी शून्य रंगवलं. त्यावर पांढऱ्या खुणा, खाली तळापर्यंत पाच लाल. एक खूण म्हणजे साधारण दहा कळशा. रोज सकाळी काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचं आणि स्वयंपाकघराच्या दारावर खडूने आकडा लिहायचा, हे काम माझं. त्या आकड्याला नळ यायला उरलेल्या दिवसांनी भागलं की त्या दिवसाचं पाणी निघे.

"आणि नळाच्या दिवशी?" मी एकदा विचारलं.

"त्या दिवशी उरले शून्य दिवस," वडील म्हणाले. "शून्यानं भागायचं नसतं. त्या दिवशी भरायचं."

शाळेत सर पूर्णांक शिकवत होते. शून्याखाली काय असतं, हे सांगायला ते बर्फाचं उदाहरण देत. बर्फ आम्ही रसवंतीतच पाहिलेला. माझ्यासाठी शून्याखाली आई होती. काठी लाल खुणेवर आली की मोटार पाणी ओढत नसे, मग आईला झाकण उघडून शिडीने हौदात उतरावं लागे. पहिल्यांदा ती उतरली तेव्हा तिचा आवाज दुसऱ्याच बाईचा वाटला. मग तोही थांबला. मी झाकणाशी ओरडले.

"हाय गं, हाय. बोंबलू नको," खालून उत्तर आलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू आईला सांगत होत्या, की बंद हौदात हवा सडते, माणूस उतरतं आणि बसल्या जागी झोपतं. आई हसली. मी त्यानंतर रोज काठी बुडवताना डोळे मिटत असे.

त्या उन्हाळ्यात एकदा नळाचा दिवस येऊन गेला, नळ आला नाही. दारावर शून्य होतं. दुसऱ्या दिवशी काठी न बुडवता आम्ही ड्रमातलं पुरवलं. तिसऱ्या दिवशी काठी वर काढली, तर ओल तिसऱ्या लाल खुणेपाशी होती; हौदाला चीर गेली होती, पाणी झिरपून गेलं होतं. वडील ड्यूटीवर होते. मी दारावर फक्त तीन लिहिलं. उणे चिन्ह मुद्दाम लिहिलं नाही. आईनं उतरू नये, एवढंच डोक्यात होतं. पुढचा विचार मी केला नव्हता.

आई भाकरी थापत होती. "तीन? परवा तर शून्य होतं."

"हाव, तीन."

"पहाटं नळ येऊन गेला का काय!" तिचा चेहरा उजळला. तिनं मोटारीचं बटण दाबलं आणि भिंतीवरून हाक मारली, "काकू, कळशा घेऊन या. पाणी आलं बघा!"

काकू कळशा घेऊन आल्या. दोघी दारात बोलत उभ्या राहिल्या. मोटार कोरडीच फिरत होती. तिचा आवाज चढत गेला, तरी मी बटणाकडे गेले नाही. मग जळका वास आला आणि आवाज बंद पडला.

आईनं कोपऱ्यातली काठी उचलली. ओल अजून वाळली नव्हती.

"किती हाय?"

"उणे तीन."

"मग तसं लिव्हायचं ना बाई," ती म्हणाली. मारलं नाही. काकू रिकाम्या कळशा धरून म्हणाल्या, "लई शिकली तुझी लेक."

आईनं झाकण उघडून ठेवलं, भाकरी उरकल्या आणि पदर खोचून शिडीवर पाय ठेवला. कळशीला बांधलेला दोर वरून काकूंनी धरला. प्रत्येक कळशीला मी मोठ्याने आकडा म्हणायचा आणि आईनं खालून तोच परत म्हणायचा, हे काकूंनी ठरवलं. सहापर्यंत उत्तरं आली. सातला आलं नाही. काकूंनी दोर ओढला, तो ढिला होता. मी पुन्हा "सात" म्हणाले. माझा आवाज तळावर आपटून परत आला, तो आईचा नव्हता.

"सात," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "पाय घसरला. ओढा."

दहा कळशा निघाल्या. आई वर आली, पायरीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी काठी बुडवली आणि दारावर ठळक लिहिलं, उणे चार.

"आता भाग," ती म्हणाली. तिला फक्त आज किती पाणी वापरायचं हे हवं होतं.

नळाचा दिवस जाऊन दोन दिवस झाले होते. उरलेले दिवस म्हणजे उणे दोन. सरांच्या नियमानं मी मांडलं: उणे चार भागिले उणे दोन. उत्तर आलं अधिक दोन. रोज दोन पांढऱ्या खुणा, वीस कळशा.

गणित बरोबर होतं, पण हौदात दहाच कळशा उरल्या होत्या. आई उत्तराची वाट बघत होती. मी ते तळहातानं पुसलं आणि म्हणाले, "येत नाही."