तुरुंगातली ओटी

आमच्या पनवेलच्या ऑफिसात धर्मराज ड्राफ्ट्समन होता. सुकापूर-करंजाड्यातल्या निम्म्या इमारती त्याच्याच हातून कागदावर उतरल्या. खोल्या लहान करून फ्लॅटांची संख्या वाढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सुकापुरातलं स्वतःचं घरही त्याने पाडून इमारत केली. दारापुढची बसायची ओटी गेली, तिथे पार्किंग आलं, आणि आई गंगाबाई तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या जाळीमागे जाऊन बसली. जन्मभर ओटीवरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणारी बाई. वर गेल्यापासून बोलेनाशीच झाली. धर्मराज डॉक्टर बदलत राहिला.

२०११ साली आमच्याकडे एका नव्या तुरुंगाचं काम आलं. कैदी सुधारून बाहेर पडेल, अशी इमारत हवी होती. कैद्यांच्या भेटीच्या जागी धर्मराजने काचा, जाळ्या सगळं खोडलं आणि लांबलचक ओटी काढली. साहेब लोक बिचकले.

"साहेब, ओटीवर बसला की माणूस बोलतो. बोलला की माणसात येतो," धर्मराज म्हणाला. हे त्याला कुठून सुचलं, देव जाणे. घरी तर कधी सुचलं नव्हतं. नकाशा मंजूर झाला.

तुरुंग सुरू झाल्यावर भेटीच्या पहिल्याच दिवशी तो कौतुकाने आईला घेऊन गेला. मीही होतो. गंगाबाई ओटीवर टेकली. शेजारी एका कैद्याची आई बसली होती. दोघी तासभर बोलल्या. निघायची वेळ झाली तरी म्हातारी उठेना.

"धर्मा, यांनी गुनं केलं, त्यांना तू ओटी दिलीस. मी काय केलं नाय, तं मला खिडकीची जाली?"

धर्मराजने हात धरून तिला उठवलं. मला त्याची कीव आली नाही, हे कबूल करतो.

रविवारी त्याने दाराबाहेर पॅसेजमध्ये बाकडं टाकलं आणि आईला बसवलं. सोमवारी वॉचमन छापील नोटीस घेऊन हजर: पॅसेजमध्ये बसण्यास मनाई आहे. मजकूर धर्मराजचाच, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या आईसाठी लिहिलेला. सोसायटीचा सेक्रेटरीही तोच, म्हणून सही त्याचीच हवी होती. नोटीस बाकड्यावर ठेवून तो सवयीने पेन आणायला आत गेला.

बाहेर आला तेव्हा गंगाबाईने नोटीस मांडीवर पसरून तिच्यावर वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या आशालताला हाका मारत होती. धर्मराजने पेन खिशात ठेवलं आणि मूठभर शेंगा उचलल्या.