पाण्याला दिलेली साडी

कालव्याला पाणी सुटले की ते दिसण्याआधी त्याचा वास येतो. तापलेल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा, काठच्या घाणेरीचा. उन्हाळ्यात तो वास आला की आम्ही बायका ताटे घेऊन काठावर जातो आणि पाण्याची ओटी भरतो. आमच्या पाटसकडे झेंडू असो की ऊस, जे हिरवे आहे ते या पाण्याचे, म्हणून खण-नारळ त्याला. वयाने मोठी म्हणून पहिली ओटी माझी.

यंदा फुलांना बाजार बरा लागला, म्हणून खणाऐवजी मी साडीच दिली. हिरवी, पिवळ्या काठाची, माझ्या लेकीने, रंजनाने, दिवाळीला घेतलेली कोरी साडी. मळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, वर काचेच्या बांगड्या आणि नारळ ठेवून गाठ मारली. पाण्यात सोडायची वस्तू भिजू नये म्हणून जपणारी मी, आणि मला पाहून बाकीच्यांनीही पिशव्याच बांधल्या. उन्हात लकाकत, बदकांसारख्या डुलत त्या वळणाआड गेल्या. मला फार बरे वाटले.

रंजनाचे घर याच कालव्यावर, बरेच खाली. तिथे कालवा एकदम खालच्या अंगाला उतरतो आणि त्या उतारावर जुने दगडी वीजघर आहे. भिंतींना शेवाळ, आत माझ्याहूनही म्हातारे यंत्र. पाणी चालू असले की त्याची घरघर जमिनीतून तळपायांना लागते. त्याच आठवड्यात मी लेकीकडे गेले, तर पाणी काठोकाठ आणि घरघर नाही.

काय झाले ते बघायला मी आणि रंजना वीजघराकडे गेलो. त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. तिच्यापुढे सोपान कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तो रंजनाचा शेजारी. जाळी साफ ठेवणे हे त्याचे काम. अडकलेल्या पिशव्या ओढून तो काठावर फेकत होता. फुटक्या बांगडीने तळहात कापला होता, त्यावर चिंधी बांधलेली. मला पाहून हसला.

"मावशी, वरच्या अंगाच्या बायकांची पाण्यावर लई माया. समदी येऊन माझ्याच जाळीत बसतीया."

जाळी तुंबली की यंत्र थांबवावे लागते, असे तो सांगू लागला; आणि हे सारखे व्हायला लागल्यापासून साहेब म्हणतात, एवढ्याशा विजेसाठी कशाला कटकट, कुलूपच लावून टाकू. बोलता बोलता त्याने एक पिशवी फाडली. "ही बघा. घडीसुदीक मोडली न्हाई."

हिरवी, पिवळ्या काठाची. रंजनाने साडीकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. तोंडाकडे पाहिले असते तर सोपे गेले असते.

"तुमच्याकडच्या बायांना जरा सांगा की. तुमचं ऐकत्याल," सोपान म्हणाला.

"सांगते," मी म्हणाले. शहाण्या बाईसारखी. साडी माझी आहे, हे तोंडातून निघाले नाही. निघताना रंजनाने ती मागून घेतली. कशाला, हे सोपानने विचारले नाही. त्याला तेव्हाच कळले असावे. त्याच्या हातावरच्या चिंधीवरून नजर वर न्यायचे मला धैर्य झाले नाही.

कालव्याच्या पाण्याच्या पुढच्या पाळीला तोच वास आला. काठावर बायका माझी वाट पाहत होत्या, ताटांत पिशव्या बांधून तयार. मी हळदकुंकू तेवढे नेले होते, आणि नेसले होते तीच साडी. धुतली तरी काठाला कालव्याचा गढूळ रंग राहिला आहे. शेजारची सुमन बघतच राहिली.

"आत्या, ही तर तुम्ही पाण्याला दिल्याली."

"व्हय. बसा, कुठं जाऊन अडकली व्हती ते सांगते."

त्या बसल्या. पाण्याला दिलेले पुन्हा अंगावर घेणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी सांगत गेले. सोपानच्या कापलेल्या हाताचेही सांगितले. इतकी वर्षे मी धरून चालले होते की पाणी माझ्या वळणापाशीच संपते.

तेवढ्यात पाणी आले, वाळका पाला पुढे ढकलत. सुमनची बोटे पिशवीच्या गाठीवर होती. गाठ सोडत होती की आवळत होती, मला दिसले नाही.