नानांची तीनटनी

ओझं वाहणाऱ्यापेक्षा ओझ्याची जास्त काळजी करणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि ते माझे मामेसासरे होते. सारं असोदा त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणत असे. चढ आला की नाना बैलगाडीतून उतरत. उतार आला की गाडी बैलांच्या मानेवर रेटते म्हणून उतरत. सपाट रस्त्याला बसत खरे, पण असे अंग चोरून, की निम्मं वजन गाडीत ठेवलंय आणि उरलेलं हवेत धरलंय असं वाटावं. जळगावच्या मोटारीत शिरल्यावर ते आधी उतारू मोजत. कंडक्टरने एक जास्तीचा घेतला की, "बसव त्याले, मी मांगून येतो," म्हणून स्वतःच खाली उतरत. एका लग्नात पंगत माडीवर होती. नानांनी खाली अंगणातच पान मांडून घेतलं आणि वरची मंडळी जेवून उतरेपर्यंत माडीच्या तुळईवरची नजर हलवली नाही. बुंदी त्यांच्या पानात तशीच राहिली.

हा स्वभाव हसण्यावारी नेण्याजोगाच होता. पण एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो खरा ठरला, आणि मग कोणी हसेना. नानांची एकुलती लेक चोपड्याकडे दिलेली. आखाजीला लेक माहेरी यायची म्हणजे तापी ओलांडायची, उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूतून. त्या वर्षी आणायला गेलेल्या गाडीत वाटेतल्या आणखी लेकी बसल्या. माहेरी निघालेल्या लेकीला "जागा नाही" म्हणणं आमच्याकडे होत नाही, रिवाजच तसा. नानांनी बैलांकडे पाहिलं, लेकींकडे पाहिलं, आणि बसवलं. गाडी मधोमध वाळूत रुतली ती दुपारभर. लेकीच्या मांडीवर तान्हं मूल होतं, त्याला ऊन लागलं. मूल वाचलं, पण विहीणबाईंनी निरोप धाडला : बैलगाडीतून सून आता यायची नाही, वाहन असेल तर पाठवू. त्यानंतर तीन आखाज्या कोरड्या गेल्या. सणाला नाना लेकीसाठी झोका बांधत, दोर ओढून पाहत आणि रिकामाच हलताना बघत बसत.

चौथ्या वर्षी थोरल्या मुलाने ट्रक घ्यायचं काढलं. त्याला केळी वेळेवर स्टेशनात पोचवायची होती, वॅगन कोणासाठी थांबत नाही. नानांनी होकार दिला, पण एका अटीवर. "ट्रक मी पसंत करीन, अन तो आखाजीच्या आधी दारात पाह्यजे." हे सगळं जुळवून आणायचं काम माझ्यावर आलं, आणि मी हबकलो. मी जळगावच्या एका कापसाच्या जिनात कोठीचं काम पाही. कामं ओळीने लिहायची आणि झाली की खोडायची ही माझी सवय. त्यामुळे नानांचा समज असा, की ज्याच्या खिशात यादी असते त्याला जगाची उत्तरं ठाऊक असतात. मी यादी केलीही : ट्रक पसंत करणे, परवाना, सुताराकडून चासीवर फळ्यांची बॉडी बांधून घेणे, तापीपर्यंत चालवून पाहणे. पहिलंच काम खोडलं जाईना आणि आखाजी जवळ येत चालली.

विकणाऱ्याकडे तीन पर्याय होते. आखूड चासीची तीनटनी, लांब चासीची पाचटनी, आणि तीच पाचटनी स्प्रिंगचे जादा पाटे घालून, मागे ट्रेलर ओढायच्या हुकासकट. मुलाचा जीव तिसरीवर. नानांनी तिन्हींभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाटे दाबून पाहिले, आणि विचारलं, "तीन टन म्हंजे तिले तीन टन झेपतात, का मरेपर्यंत ती तीन टन घेते?"

विकणारा म्हणाला, "नाना, झेपतात."

"तिले विचारलं का कोनी?"

टनाचा आकडा नानांच्या डोक्यात शिरत नव्हता. लेकी किती बसतील, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं. म्हणून एका बाजारच्या दिवशी ते भावकीतल्या चार बायकांना घेऊन थेट आमच्या जिनातल्या काट्यापाशी आले. बायकांना वाटलं, जिन दाखवायला आणलंय. चढा म्हटल्यावर त्यांतली थोरली पदर खोचून म्हणाली, "आमी काय कापसाच्या गाठी हाओत का, नाना?" एकही चढली नाही. शेवटी नानांनी मलाच चढवलं. आकडा वाचून घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जवाईबापू म्हंजे दीड लेक धरा." तेव्हापासून त्यांचा सगळा हिशेब माझ्यात चालू झाला. विकणाऱ्यालाही त्यांनी भर दुकानात विचारलं, "तीनटनीत असे जवाई किती बसतीन?" तो बिचारा माझ्या पोटाकडे पाहून मनातल्या मनात भागाकार करू लागला.

हुकाचं तर त्याला शेवटपर्यंत उमजलं नाही. नानांना हूक हवा होता, पण पुढे.

"पुढच्या हुकाने ओढणार काय?" विकणाऱ्याने विचारलं.

"आपन कायले ओढतो? फसलो म्हंजे आपल्याले ओढाले कोनी आलं, त त्यानं दोर बांधावा कुठी?"

ट्रक किती ओढील याची चौकशी करणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. ट्रकला कसं ओढून काढता येईल याची आधी सोय पाहणारं गिऱ्हाईक पहिलंच. नानांनी तीनटनी पसंत केली, वाळूत हलकीच बरी म्हणून. मुलगा चिडला. "नाना, केळीचा माल दोन खेपांत न्यावा लागीन. वॅगन चुकली त काय करू?"

नाना म्हणाले, "केळं काही माहेरी येत नाही, बाबा."

मी यादीतलं पहिलं काम खोडलं.

सुताराने बॉडी दिली ती सणाच्या तोंडावर. मुलगा चालवायला, मी आणि नाना शेजारी, असे निघालो. तापीच्या काठावर नानांनी गाडी थांबवली आणि मला उतरवलं. स्वतःही उतरले. मुलगा एकटा स्टिअरिंगवर, आणि नाना मडगार्डवर हात ठेवून बाजूने चालताहेत, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मागची चाकं दोनदा जागेवरच फिरली. नानांचे ओठ हलत होते. देवाला सांगत होते की इंजिनाला, कळलं नाही. गाडी पार झाली. नानांनी मागे वळून पात्र पुन्हा नजरेने मोजलं. परतायचं होतं ना.

विहीणबाई दारात उभ्या. ट्रक पाहिला, फळ्या ठोकून पाहिल्या, म्हणाल्या, "सून बसेल कुठं?"

"पुढं. सावलीत," नाना म्हणाले.

"आन वाटेत भरती कराल तर?"

नानांना खोटं बोलता येत नसे. "भरती व्हईन. लेकी उभ्या ऱ्हातीन, त घ्याच लागतीन. पन पात्र आलं म्हंजे सगळ्याइले उतरवीन." बाईंनी आतून पाण्याची कळशी आणि ओला पंचा आणून सुनेच्या हातात दिला. तेवढीच परवानगी.

वाटेत लेकी उभ्या होत्याच. पोरं, बोचकी, घागरी. काठाला आलो तेव्हा ट्रक गच्च भरला होता आणि ऊन माथ्यावर चढत होतं. नानांनी हात जोडून सगळ्यांना उतरवलं. लेकीला म्हणाले, "तू बस माय. पोराले घिऊन बस."

ती खाली उतरली. "बाकीच्या बठ्ठ्या पायी चालतीन, आन मी एकटीच बसू का, नाना?"

नानांचा चेहरा उतरला. ट्रक वाळूत शिरला, बायका त्याच्या मागून चाकोरीने. नानांनी एकदा ट्रकाकडे पाहिलं, एकदा नातवाकडे. मग ट्रक मुलावर सोडला, पोराला खांद्यावर घेतलं आणि ओला पंचा त्याच्या डोक्यावरून ओढला. पात्राच्या मध्याला, जिथे गाडी रुतली होती तिथे, त्यांची पावलं घोट्यापर्यंत बुडत होती. मी म्हटलं, "नाना, द्या माझ्याकडे." त्यांनी दिलं नाही. धाप लागली होती. थोड्या वेळाने म्हणाले, "मांडीवर मावे हो तेव्हा. किती जड झाला."

पलीकडे ट्रक केव्हाच पोचून उभा होता. मुलाने हॉर्न वाजवला, बायका चढल्या, लेकीने पोराला घ्यायला हात पुढे केले. नाना त्याला घेऊन तसेच उभे राहिले. "बसा तुमी. येतो आमी चालत, थोडंसं."

त्या आखाजीला झोका रिकामा राहिला नाही. पुढे दरवर्षी तीनटनी तापी ओलांडू लागली, आणि दरवर्षी नाना काठाला सगळ्यांना उतरवीत. पण दुसऱ्याच वर्षी उतरवल्याबरोबर नातू वाळूतून पळत सुटला, सगळ्या बायकांच्या पुढे, ट्रकाच्याही पुढे. लेक हसत त्याच्यामागे धावली. नाना पंचा ओला करून तयार उभे होते. त्यांनी तो हळूच पिळला, स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि ट्रकच्या बाजूने चालू लागले.