मंदामामीच्या गाडीतला डावा पट्टा

मंदामामी गाडी घेऊन निघाली की नवापूरचे काही पुरुष अजूनही नजर चुकवतात. "बाई, तुला गियर तरी कळंल काय?" असं त्यांनीच तिला विचारलं होतं. मामीने पंचेचाळिशी उलटल्यावर लायसन काढलं, एक जुनी व्हॅन घेतली आणि सुक्या मासळीच्या पाट्या भरून मनोरचा आठवडी बाजार गाठायला लागली. आता तेच लोक "मंदे, आमची एक गोण टाकशील काय?" म्हणत दारात उभे असतात. मामी गोण टाकते, पण आधी चार शब्द ऐकवते.

मी तिची भाची, हेमांगी. मनोरला औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून बाजाराच्या दिवशी मागे बोंबलांच्या गोणीला टेकून माझाही प्रवास होतो. पुढची डावी जागा मात्र शेजारच्या मासळीवाल्या मैनाबाईंची. सत्तरी ओलांडली तरी त्यांचा आवाज असा खणखणीत, की मनोरच्या बाजारात गिऱ्हाईक आधी त्यांना ऐकतं आणि मग बघतं. त्यांच्या जागेवर बसायची कोणाची टाप नाही.

या बाईंना एकाच गोष्टीची भीती वाटते, बांधलं जाण्याची. त्यांचे यजमान बळवंतकाका जाळं सोडताना दोरीत पाय अडकून पाण्यात ओढले गेले, ते परत वर आलेच नाहीत. तेव्हापासून मैनाबाई गळ्यात साधी पिशवी अडकवत नाहीत. आणि मामीच्या गाडीत तर सीटचा पट्टा लावल्याशिवाय चावी फिरत नाही! मैनाबाईंनी कुरकुर करून पाहिली, मामी बधली नाही. शेवटी त्या पट्टा लावायला लागल्या, पण वाटभर एक बोट बकलाच्या लाल बटणावर.

पौषातल्या एका गार सकाळी मनोरला उतरताना ते बटण दबेना. मैनाबाईंनी दोन्ही अंगठे लावले, मामीने लावले, मी लावले. बकल ढिम्म. मैनाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मला सोडवा! कापा तो!" त्या ओरडल्या आणि अर्धा बाजार गाडीभोवती जमला. एक मटणवाला सुरा घेऊन धावला, त्याला मामीने डोळ्यांनीच थांबवलं. पट्टा हळूहळू सैल ओढून तिने मैनाबाईंना खालून सरकवत बाहेर काढलं. एवढ्या दबंग बाई, पण बाहेर येताच गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

"आता तुज्या गाडीत मी बसणार नाय, मंदे," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी रिक्षाने घरी गेल्या. दुपारी परत निघताना तेच बकल मुकाट उघडलं. मामीने भुवया उंचावल्या.

मैनाबाईंच्या मुलाला, प्रदीपला, हे आयतंच मिळालं. "आये, बास झालं, आता घरी बस," तो कधीपासून म्हणत होता. पाटी घेऊन दोन गाड्या बदलत मनोरला जाणं या वयात त्यांना जमणार नव्हतं. म्हणजे गाडी गेली की बाजारही गेला. आणि बाजाराशिवाय मैनाबाई ओट्यावर नुसत्या बसल्यात, हे चित्र मला काही डोळ्यांपुढे आणवेना.

मामीने आधी बोईसरच्या गॅरेजवाल्या भावेशला विचारलं. तो म्हणाला, "एवढ्या जुन्या मॉडेलचं बकल मिळणार नाही, काकी. पट्टा सीटमागून अडकवून ठेवा, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" मामी म्हणाली आणि गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणातच ठाण मांडलं. मला टॉर्च धरायला लावला, लाल बटण दाबून चिमट्याने आत चाचपलं. आधी निघाल्या जवळ्याच्या मिशा, मग एक खवला, मग सुकटीचा भुसा. त्यानंतर आला पांढरा, मेणासारखा गोळा. मामीने तो नाकाशी नेला आणि थबकली.

"खोबरेल," ती म्हणाली. "थंडीत गोठलं, त्यात भुसा बसला. दुपारी उन्हानं पातळ झालं, म्हणून उघडलं."

"पण बकलात खोबरेल घातलं कोणी?"

मामीने शेजारच्या मैनाबाईंच्या घराकडे पाहिलं. "ज्याला ते उघडायची सगळ्यात जास्त घाई असते त्यानं. तू तोंड उघडू नकोस."

मग भांड्याच्या साबणाचं गरम पाणी झालं. सीटवर जुनं लुगडं अंथरून मामी बकलात थोडं थोडं पाणी सोडायची, पट्ट्याची जीभ घालायची, काढायची. काळं पाणी आलं, मग करडं, मग स्वच्छ. बकल दिवसभर उन्हात वाळलं. तेल मात्र एक थेंबही घातलं नाही. दुसऱ्या दिवशी भर थंडीत ती स्वतः पट्टा लावून बसली आणि सगळं वजन टाकून पुढे हिसका दिला. पट्ट्याने धरलं. बटणाला बोट लावलं, पट्ट्याने सोडलं. "झालं," मामी म्हणाली. तिला शंका अशी नव्हतीच.

बाजाराच्या सकाळी तिने मैनाबाईंना हाक मारली. "मावशी, बसू नको. बाहेर उभी राहून नुसतं उघडून बघ."

मैनाबाई आल्या. खट्‌ लावलं, खट्‌ उघडलं. पुन्हा. पुन्हा. मग बारीक आवाजात विचारलं, "काय अडकलं व्हतं गं?"

"सुकटीचा भुसा," मामी म्हणाली. "आणि थोडं तेल."

मैनाबाईंचा हात तसाच राहिला. "थंडीत गोठतं ते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "डोक्याला लावायच्या आधी मीच तर बाटली चुलीपाशी धरते." कनवटीची छोटी बाटली काढून त्यांनी मामीच्या हातात ठेवली. "सटकन सुटावं म्हणून घालायची, मंदे."

"ठाऊक हाय," मामी म्हणाली. "पाटी कुठंय?"

वाटेतलं बेटेगाव मागे पडेपर्यंत मैनाबाईंचं बोट बटणावरच होतं. पुढे हायवे लागला तेव्हा मी पाहिलं, दोन्ही हात मांडीवर होते.

मनोरला मामी आणि मी उतरलो, पाट्या काढल्या. मैनाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मामीच्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन तिने दार उघडलं. "अडकला काय, मावशी?"

"नाय गं," मैनाबाई म्हणाल्या. पट्टा छातीवर तसाच होता. "बसू दे की जरा."