डूलिनच्या धक्क्यावर न्यूट्रलला सोडलेली गाडी

बाबांचं परतीचं विमान मंगळवारी होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी हवामानाच्या ॲपवर चक्क दोन दिवस सूर्य दिसला. आयर्लंडमध्ये असा सूर्य दिसला की विचार करत बसायचं नसतं, बॅग भरायची असते. माझा नवरा समीर त्या वीकेंडला ऑन-कॉल होता. "तुम्ही तिघं निघा," तो म्हणाला, "नाहीतर बाबा तो खांब न बघताच कराडला जातील."

तो खांब म्हणजे क्लिफ्स ऑफ मोहर या उंच समुद्रकड्यांच्या पायथ्याशी समुद्रात एकटाच उभा असलेला खडक. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. लाटा कडा पोखरतात, आधी गुहा होते, मग कमान, आणि कमान कोसळली की मागे उरतो तो सागरी स्तंभ. ही आकृती त्यांनी दरवर्षी फळ्यावर काढली, प्रत्यक्षात एकदाही पाहिली नव्हती. त्यांना तो वरून नको होता, खालून, बोटीतून बघायचा होता. मी लगेच डूलिनच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रविवारच्या बोटीची तीन तिकिटं काढली: बाबा, मी आणि माझी आठ वर्षांची लेक इरा.

शनिवारी सकाळी टॅलाहून, म्हणजे आमच्या घरून निघालो. एम-५०, मग एम-४ आणि एम-६ हे मोटरवे, वाटेत दोन टोल, कार्ड चालतं. आमची गाडी जुनी मॅन्युअल हॅचबॅक आहे, ओढायच्या हँडब्रेकची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पार्किंग हा माझा दुखरा विषय. पुण्यातून येताना वाटलं होतं, तिकडे सगळे रेघेत गाड्या लावत असतील. कसलं काय! निम्मी गाडी फुटपाथवर चढवायची, चारी दिवे लुकलुकत ठेवायचे आणि "दोनच मिनिटं हं" म्हणून दुकानात शिरायचं, हे इथेही आहेच. आमची शेजारीण ब्रेडा आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडावर तिची गाडी अर्धी आडवी लावते. दोन वर्षं मी खिडकीतून बघत नुसती धुमसतेय.

ॲथलोनला सँडविच आणि चहासाठी एका सुपरमार्केटात थांबलो. लहान मुलं असलेल्यांसाठी दाराजवळ ज्या रुंद जागा राखलेल्या असतात, त्यातल्या शेवटच्या जागेत आमच्या डोळ्यांदेखत एक जीप घुसली. आतून उतरला एकटा माणूस. मला राहवेना. काच खाली करून विचारलं, "तुमचं मूल कुठे आहे?"

"घरी, आईपाशी," तो आनंदाने म्हणाला. "ग्रँड पोरगा आहे हो!"

बाबा गॅलवे येईपर्यंत हसत होते.

मुक्काम बॅलिवॉनला केला. उन्हाळ्यात बी-अँड-बी, म्हणजे न्याहारीसकट घरगुती खोली, आधी बुक करा, ऐन वेळी मिळत नाही. आम्हाला एक रद्द झालेली खोली मिळाली म्हणून निभावलं. रविवारी सकाळी पॉरिज आणि सोडा ब्रेड हाणून बरेनमध्ये शिरलो. मैलोन्मैल राखाडी चुनखडी, आणि तिच्या भेगांतून डोकावणारी इवली निळी फुलं. बाबा गुडघा सांभाळत खाली बसले आणि दगडावरून हात फिरवत राहिले. इरा शेजारी बसून चित्र काढत होती. किती सुंदर सकाळ होती ती!

मग बोटवाल्यांचा मेसेज आला. समुद्र खवळलेला असल्याने सकाळच्या फेऱ्या रद्द, तुम्हाला दुपारच्या शेवटच्या बोटीत घेतलं आहे, सोमवारचं काही सांगता येत नाही. म्हणजे हीच एक बोट.

आणि नेमकं ऊन! अख्खा क्लेअर जिल्हा समुद्रावर आला होता. वाटेतल्या फॅनोरच्या किनाऱ्याशी रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, मधून जेमतेम एक जाईल एवढी वाट. एका शेताच्या फाटकावर 'इथे गाडी लावू नये' अशी पाटी, तिच्याखाली बरोबर एक गाडी, आणि पाटीला टेकवून ठेवलेला सर्फबोर्ड. समोरून कॅम्पर व्हॅन आली आणि सगळं ठप्प झालं. लोक मात्र एकमेकांना हात हलवत होते. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होते.

डूलिनला पोचलो तेव्हा बोटीत माणसं चढायला लागली होती. पार्किंग गच्च. दोन चकरा मारल्या, एक जागा नाही. "बाबा, तुम्ही आणि इरा जा," मी म्हणाले. "मी गाडीत बसते."

"तू न्हाईस तर मी बी न्हाई," बाबा म्हणाले. "अगं, त्या रांगंच्या मागं लाव की आडवी. चाकं सरळ, न्यूट्रलला, हँडब्रेक सोडून. ज्याला निघायचंय त्यो ढकलंल."

"बाबा, हे कराड नाही!"

"माणसं हाईत न्हवं?"

"आजोबा, दॅट्स नॉट इव्हन अ पार्किंग स्पेस," मागून इरा तिच्या पक्क्या आयरिश हेलात म्हणाली.

बाबा तोवर उतरले होते. पाण्याची बाटली डांबरावर आडवी ठेवून ती गडगडते का बघितलं. नाही गडगडली. जमीन सपाट. मग इराच्या चित्राच्या पाठीवर मोठ्या, शाळामास्तरी इंग्रजीत लिहिलं: गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक नाही, कृपया हळू ढकलावी, आपला आभारी. खाली माझा नंबर. कागद काचेआड ठेवला आणि आम्ही पळालो. दुखरा गुडघा असूनही बाबा सगळ्यांत पुढे होते.

बोट सुटल्यावर भानावर आले. दोन वर्षं ब्रेडाच्या नावाने धुमसणारी मी, आणि अख्ख्या धक्क्यावरची सगळ्यांत वाईट पार्क केलेली गाडी माझी होती. तीही समुद्राच्या शेजारी, ब्रेकशिवाय. फोनची रेंजही गेली.

मग कडे आले. मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं. काळ्या थरांच्या फटीफटीत हजारो पक्षी, त्यांचा कलकलाट, तोंडावर खारं पाणी. आणि समोर तो स्तंभ! बाबा कठडा घट्ट धरून उभे होते. मग एकदम खणखणीत मराठीत सुरू झाले, "हितं आदी गुहा हुती. मग कमान. ती पडली, आन् ह्यो राह्यला." शेजारचं जर्मन जोडपं एक अक्षर कळत नसताना माना डोलवत होतं. इरा मधूनमधून त्यांना इंग्रजीत सांगत होती.

"इतकी वर्सं पोरास्नी सांगितलं," बाबा नंतर हळूच म्हणाले. "कदी कदी वाटायचं, नुसतं पुस्तकातलंच सांगतोय का काय."

मी त्यांचा हात धरला. गाडी समुद्रात गेली तरी चालेल, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं.

धक्क्याला लागताना फोन थरथरला. अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल, एकामागून एक. धावत पार्किंगमध्ये आले तर गाडी जागेवर नाही. मी आधी पाण्याकडे बघितलं. "मम, ओव्हर देअर!" इरा ओरडली. गाडी पार दुसऱ्या टोकाला, कॉफीच्या व्हॅनजवळ उभी होती. पुढच्या चाकाखाली कुणीतरी दगड लावला होता.

पिवळ्या जॅकेटमधला पार्किंगवाला कमरेवर हात ठेवून आला. "न्यूट्रलवाले तुम्हीच का?"

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"चाकाला क्लॅम्पच लावणार होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात घोड्याचा ट्रेलरवाला निघाला. त्याने तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि दिली ढकलून. मग पुढचा निघाला, त्याने ढकलली. अख्खी रांग तशीच बाहेर पडली. हसून हसून मेलो. असा क्रॅक, अशी धमाल या पार्किंगात कधी झाली नव्हती." मग तो गंभीर झाला. "पण परत नको हं. इथे उतार नाही, हे तुमचं नशीब."

तुम्हालाही तेच सांगते, हे करू नका. दुपारची बोट असेल तर सकाळीच जागा धरा आणि चालत फिरा.

बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. "थँक यू, सर," म्हणाले, आणि मला मराठीत, "बघ, माणसं हाईत."

मंगळवारी ते गेले. तो कागद आता आमच्या फ्रिजवर आहे, बरेनचं चित्र आत आणि अक्षर बाहेर. घर फार रिकामं वाटतं.

काल सामान घेऊन आले तर ब्रेडाची गाडी नेहमीसारखीच आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडावर. गाडीतच बसून धुमसायला सुरुवात केली होती, मग उतरले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिची बेल वाजवली. ब्रेडा दारात आली ती कोपरापर्यंत पिठात बरबटलेली.

"अगं बाई, सॉरी लव्ह, दोनच मिनिटं म्हणून लावली होती," ती म्हणाली आणि कोपराने दारामागच्या खुंटीकडे दाखवलं. "किल्ली तिथे आहे. तूच काढ ना. आणि पुढच्या वेळी विचारूही नकोस."

मी तिची गाडी नीट रेघेत लावली आणि हँडब्रेक जरा जास्तच जोरात ओढला.