कांद्याच्या पाण्याचा अर्ज आणि परिच्छेद चार

“भाऊसाहेब, परवापर्यंत उत्तर नाय दिलं तर कारखान्याला कुलूप!” गोविंदरावांनी प्रदूषण मंडळाची नोटीस माझ्या टाइपरायटरवरच ठेवली.

पिंपळगावकडे त्यांचा कांदा वाळवण्याचा कारखाना. कांदा चिरायला चाळीस बाया. तिथल्या सांडपाण्याचा वास असह्य होतो, अशी गावाची तक्रार. त्यांची सून मनीषा हिने पाण्यात वीज सोडून वास घालवण्याची टाकी बसवली होती. ती रसायनशास्त्राची पदवीधर. तिने लिहिलेले उत्तर मात्र ‘अस्पष्ट’ या शेऱ्यासह परत आले होते.

नाशिकच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंत, तथापि जे मला उमगले नाही, ते मी आजवर टाइप केलेले नाही. “मला करून दाखवा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मनीषाने माझ्या टेबलावर काचेच्या भांड्यात कांद्याचे पाणी ओतले व मीठ घातले. टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या त्यात बुडवून स्कूटरच्या बॅटरीला जोडल्या. बुडबुडे निघू लागले.

“कांद्याचा वास त्यातल्या गंधकाचा, काका. विजेमुळे त्या गंधकाला ऑक्सिजन चिकटतो. याला ऑक्सिडेशन म्हणतात. मग तो दर्प राहत नाही.”

तासाभराने मी नाक भांड्याजवळ नेले. कांदा गेला होता.

“पण हा ब्लीचिंग पावडरचा वास कसला?”

“मिठातला क्लोरीन. तोही गंधकावर काम करतो. उघड्या टाकीत दोन दिवस ऊन दिलं की जातो.”

“ते लिहू नका!” गोविंदराव ताडकन उठले. “एक वास घालवला आन् दुसरा आणला म्हणतील.”

“बसा. अर्ज माझ्या नावाने ओळखला जातो.” मी परिच्छेद चारमध्ये क्लोरीन, उघडी टाकी, दोन दिवसांचे ऊन, सर्व स्पष्ट नमूद केले. गोविंदरावांनी देवाचे नाव घेत सही केली.

पुढच्या आठवड्यात मंडळाचे साहेब इन्स्पेक्शनला आले. टाकीवर वाकताच म्हणाले, “क्लोरीनचा वास येतोय. हे लपवलंत?”

“परिच्छेद चार बघा ना, साहेब,” गोविंदराव म्हणाले.

साहेबांनी तो दोनदा वाचला. उन्हात ठेवलेल्या पाण्याचा नमुना तपासायला नेला. तो निर्दोष निघाला. नोटीस मागे घेतली गेली.

“कोणत्या वकिलाने लिहिलं?” साहेबांनी विचारले होते म्हणे.

“वकील कुठला? कचेरीबाहेरचे आमचे भाऊसाहेब!”

तीसहून अधिक वर्षे या व्यवसायात काढून सांगतो. अडचणीची गोष्ट अर्जदाराने स्वतः लिहिली तर तिला माहिती म्हणतात. साहेबांनी शोधून काढली तर गुन्हा.